अमावास्येची ओहोटी

त्या दोन भावांमधली फिर्याद आजही मला जशीच्या तशी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण डोकं पार भंजाळून टाकलं ते एका तलावातल्या मेलेल्या माशांनी. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नवी मुंबई तेव्हा नुकती उभी राहत होती आणि मी खाडीकाठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. गावाचं, माणसांचं आणि संस्थेचं नाव सांगणार नाही. कुणी ओळखलंच, तर कृपा करून गप्प बसावं.

मी मूळचा देशावरचा. आमच्याकडे पाणी एकाच दिशेला जातं, उताराला. इथं ते दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, एवढं ठाऊक होतं, पण त्याचा पोलिसी कामाशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या अमावास्येला, दिवस मावळायच्या सुमारास, आठ-दहा गावकरी ठाण्यात आले. पुढे पस्तिशीतला एक तगडा माणूस होता. त्याने हातातली पाटी माझ्या टेबलावरच उपडी केली. त्यात जिताडे, काळुंदर, बोईट असे मासे होते. सगळे पांढरेफटक, डोळे बाहेर आलेले. ठाणे अंमलदाराने नाकाला रुमाल लावला. माशांना खाऱ्या पाण्याचा वास येतोच, हा वास निराळा होता. फिनेलसारखा, पण घशात जाऊन बसणारा.

हकिगत अशी होती. गावाच्या मालकीचा एक मोठा तलाव होता. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बंधारा आणि बंधाऱ्यात लाकडी फळ्यांचं दार. त्याला ते उघाडी म्हणतात. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या, भरतीला फळ्या काढायच्या, खाडीचं पाणी मासळीसकट आत घ्यायचं आणि फळ्या टाकून कोंडून ठेवायचं. सगळं गाव त्या मासळीवर होतं. ही उघाडी तीस वर्षं ज्याच्या हाती होती तो या तगड्या माणसाचा थोरला भाऊ. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून गावकीने दिवाळीत उघाडी धाकट्याकडे सोपवली. थोरल्याला ते फार लागलं. भर सभेत तो म्हणाला होता, आता बघतो तलाव कसा सांभाळतात ते. त्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला मासे मेले. आज दुसऱ्या अमावास्येला पुन्हा मेले.

"सायेब, तलावानचा सगला मासा मेला," धाकटा म्हणाला. "ह्ये माझे भावानच केलाय. दुसरा कोन करील?"

मागच्यांपैकी कुणीतरी करणीचं नाव काढलं. मी त्याला गप्प केलं. करणीचा पंचनामा करता येत नाही. गावच्या पोलीस पाटलाने मात्र मला बाजूला घेऊन खबर दिली, की दोन्ही अमावास्यांना थोरला टोपली घेऊन तलावात उतरणाऱ्या नाल्यापाशी दिसला होता. मला एवढं पुरे होतं. हेतू होता, धमकी होती, जागेवर दिसलेला माणूस होता. पाणी विषारी करून नुकसान केल्याचा गुन्हा दाखल केला. पंचांसमक्ष तलावाचं पाणी सोड्याच्या बाटल्यांत भरलं, लाखेचं सील मारलं आणि रासायनिक विश्लेषकाकडे रवाना केलं. थोरल्याला आणायला हवालदार पाठवला आणि चहा मागवला. एक सोपं प्रकरण निकालात निघालं, अशा समजात मी तो चहा प्यालो.

थोरला साठीचा होता. काळा, काटकुळा, हातावर फळ्यांच्या दोरीचे घट्टे. हवालदाराने त्याला गावाच्या मधल्या रस्त्याने, सगळ्यांच्या देखत आणलं होतं. तसं आणायला मीच सांगितलं होतं. आरोपीला गावादेखत आणलं की त्याची अर्धी मस्ती रस्त्यातच उतरते, असं आम्हाला वरिष्ठांनी शिकवलेलं. याच्या अंगात मस्ती नव्हतीच. तो बाकावर बसला तो दोन दिवस बसूनच राहिला.

मी विचारलं, तू काय टाकलंस. तो म्हणाला, कायपन नाय. मग अमावास्येला तिथं काय करत होतास? चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेलो होतो. अमावास्येलाच का? तर अमावास्येला चिंबोरी भरलेली असते, एवढंही तुम्हाला माहीत नाही का, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. हवालदार तिथलाच होता. तो हळूच म्हणाला, साहेब, ते खरं आहे. मी वरमलो आणि वरमल्यामुळे आवाज चढवला. टेबलावर हात आपटला, कोठडी दाखवली. तीन-तीन तास तेच प्रश्न फिरवून विचारले. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो, हा माझा अनुभव. हा तपशील कमी करत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने तोंड उघडलं, तेही मी काही विचारलेलं नसताना.

"सायेब, तुमी देशावरचे. पुढचे आवसेला उघाडीवर उभं रावा. भरती लागल्यापासून सगला बघा. मना काय इचारू नका."

तुला ठाऊक असेल तर तूच सांग की, मी म्हणालो. त्याने मान फिरवली. मला वाटलं, वेळ काढतोय.

पुरावा काहीच नव्हता, म्हणून रोज हजेरी द्यायच्या अटीवर त्याला सोडलं. तो महिना मी विसरलेलो नाही. रोज सकाळी तो काठी टेकत यायचा, हजेरीच्या वहीत अंगठा उठवायचा आणि निघून जायचा. हवालदार गावातल्या बातम्या आणायचा. त्याच्याशी कुणी बोलत नाही. दुकानात त्याला सगळ्यांत शेवटी माल मिळतो. धाकट्याच्या बायकोने सामाईक अंगणात मधोमध कूड घातला आहे. ज्या तलावावर त्याने तीस वर्षं उन्हातान्हात काढली, त्याच तलावात विष घालणारा असं त्याचं नाव पडलं होतं आणि ते नाव पाडायला मी हातभार लावला होता. पण तेव्हा मला त्याची कीव येत नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. मला त्याचा राग येत होता, कारण त्याचं प्रकरण माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

एरवी विश्लेषकाचा अहवाल यायला सहा-सहा महिने लागतात. या वेळी तो तीन आठवड्यांत आला आणि त्याने गोंधळ आणखी वाढवला. पाण्यात तीव्र आम्ल आणि जड धातूंचे अंश, असं लिहिलं होतं. मी तो कागद चार वेळा वाचला. अंगठा उठवणारा, मोतीबिंदूचा म्हातारा माणूस हे आणणार कुठून? तुर्भ्याच्या बाजूच्या कारखान्यांचा संशय आला, म्हणून तिकडचे टँकर तपासले, चालकांना विचारलं. त्यांचं पाणी जायचं भलतीकडे. आणि कारखाना रोज चालतो. मासे मेले ते फक्त अमावास्येला. पौर्णिमेलाही उधाण असतं, उघाडी उघडते, पाणी येतं, आणि मासा मजेत असतो. चंद्र बघून विष टाकणारा गुन्हेगार मी कधी पाहिला नव्हता. एक दिवस तर मी स्वतःच कॅलेंडर उघडून बसलो आणि हवालदाराने चहा ठेवता ठेवता विचारलं, साहेब, मुहूर्त काढताय का?

शेवटी आली अमावास्या. मी साध्या वेशात, हवालदाराला घेऊन सकाळी दहालाच बंधाऱ्यावर गेलो. अमावास्येची भरती भर दुपारची असते, हे मला तोवर कळलं होतं. धाकट्याला माझं येणं आवडलं नाही. त्याने फळ्या काढल्या. खाडीचं पाणी आत घुसलं. बारा वाजले, एक वाजला. पाणी बंधाऱ्याच्या काठाला आलं आणि थबकलं. त्याच क्षणी धाकट्याने एकामागून एक फळ्या टाकल्या आणि वरून चिखल लिंपला. तलाव काठोकाठ भरला होता.

माझ्या शेजारी हवालदार उभा होता. तो स्वतःशीच पुटपुटला, की याने लवकर बंद केलं. म्हणजे काय, मी विचारलं. तो म्हणाला, थोरला असं करत नसे. भरती भरली की तो फळ्यांच्या जागी बांबूची जाळी लावायचा, म्हणजे मासा आत राहील, आणि वीतभर पाणी खाडीत जाऊ द्यायचा. पहिली ओहोटी घाण घेऊन जाते म्हणायचा. मग फळ्या. धाकट्याला पाणी जास्त हवं, मासा जास्त हवा.

अर्ध्या तासाने तो वास आला. उघाडीला लागूनच आतल्या बाजूने तो नाला तलावात उतरत होता. त्याच्या तोंडाशी पाण्यात पिवळसर लाल पट्टा दिसला. बंद दाराशी तो आला, थांबला आणि मागे फिरून तलावभर पसरायला लागला. एक बोईट पाण्याबाहेर उडालं, मग दुसरं. धाकट्याने दोन्ही हात डोक्याला लावले. मी आणि हवालदार नाल्याच्या काठाने वर पळत सुटलो.

नाला तिवरांच्या झाडीतून, नव्या रस्त्याच्या मोरीखालून गेला आणि एका कुंपणाच्या भिंतीशी संपला. भिंतीतून सिमेंटचा पाइप बाहेर आला होता. भिंतीपलीकडे विद्यापीठाचं नवं संकुल. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेलं, गावकरी त्याला नुसतं कॉलेज म्हणायचे. आत शिरलो. रसायनशास्त्राच्या इमारतीमागे, खाकी कपड्यातला पन्नाशीचा एक माणूस काचेचे मोठे बुधले उलटे करून, अगदी निगुतीने धूत होता.

मी ओळख दिली. एवढी वर्षं नोकरी केल्यावर पोलीस म्हटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला पाठ आहे. या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. तो प्रयोगशाळेतला परिचर होता. बसा म्हणाला, स्टूल पुसून दिलं. बुधल्यांत काय होतं, असं विचारताच त्याने न अडखळता सांगितलं. काच धुण्याचं लाल आम्ल, मुलांनी वापरून टाकलेली द्रावणं, मुदत संपलेल्या बाटल्यांतलं उरलेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक अमावास्येला त्याने निळ्या शाईने गोल केला होता. मी तो दाखवला, तर तो खुलून बोलायला लागला.

"मी खाडीकाठचाच, साहेब, रत्नागिरीकडचा. बाकीचे रोज बेसिनमध्ये ओततात. मी महिनाभर साठवतो. अमावास्येला ओहोटी लागली की मगच सोडतो. उधाणाचं पाणी सगळं घेऊन जातं, मागे काही ठेवत नाही. भांगाला, भरती-ओहोटी कमी असताना, सोडलं तर इथंच कुजेल. कुणाच्या तोंडात जायला नको म्हणून एवढं बघतो."

आरोपी स्वतःच्या विरुद्धचा पुरावा असा हौसेने देतो, हे मी प्रथमच पाहत होतो. गावाने मासा कोंडायला जी वेळ निवडली, तीच याने घाण सोडायला निवडली होती. दोघांनीही पाण्याचं गणित बरोबर केलं होतं. मधे एक दार आहे आणि त्या दाराची चाल बदलली आहे, हे याला ठाऊक नव्हतं. आणि पाइपाच्या या टोकाला हा माणूस आहे, हे गावाला ठाऊक नव्हतं.

मी त्याला तलाव सांगितला. सुरुवातीला त्याला पटेना. पाणी कोंडणार कसं, ते जाणारच, असं तो म्हणत राहिला. मग मी त्याला घेऊन बंधाऱ्यावर गेलो. तोवर तलावावर पांढरं व्हायला लागलं होतं. तो काठावर खाली बसला. मग म्हणाला, "मी बेसिनमध्येच ओतलं असतं तर बरं झालं असतं का?" मी वर्दीत नव्हतो, त्याचंच मला त्या वेळी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना भेटलो. विद्वान आणि सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, सगळीकडे असंच असतं, आम्ही शिकलो तिथेही बेसिनमध्येच ओतायचो. नळ मोठा सोडायचा, एवढाच नियम. मी इमारतीचा नकाशा मागितला. नकाशात प्रयोगशाळेमागे एक टाकी दाखवली होती, टाकाऊ आम्ल चुन्याने मारायला. टाकी आहे कुठे? कुणालाच माहीत नव्हतं. परिचराने दाखवली. मोडक्या बाकांच्या ढिगाखाली झाकण निघालं. टाकी बांधली होती, कोरडीठाक होती, पाइप मात्र तिला कधी जोडलाच नव्हता. सगळे ती संडासाची टाकी समजत होते. प्रमुख तिच्याकडे बघून ओशाळले आणि माझ्याकडेही बघेनात.

आता गुन्हा कुणावर लावायचा? निष्काळजीपणाचं कलम होतं, पण त्या अख्ख्या संकुलात काळजी घेणारा एकच माणूस होता आणि विष त्याच्याच हातून गेलं होतं. मी प्रदूषण मंडळाला लिहिलं. संस्थेने लेखी हमी दिली. पाइप टाकीला जोडला गेला. आम्लासाठी, धातूंच्या द्रावणांसाठी, जळाऊ द्रवांसाठी वेगवेगळे बुधले आले, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या आल्या. बेसिनमध्ये काय ओतायचं नाही त्याची पाटी लागली. या सगळ्याची देखरेख त्या परिचराकडेच दिली आणि ती त्याने निवृत्त होईपर्यंत चोख केली. मधून मधून मी जायचो तेव्हा तो मला टाकीचं झाकण उघडून दाखवायचा. कॅलेंडरवर गोल नव्हते.

माझ्यापुढे प्रश्न उरला तो थोरल्याचा. त्याला बोलावलं आणि आता मी त्याला बाबा म्हणालो, तुम्ही म्हणालो. हे सगळं तुम्हाला माहीत होतं का, विचारलं. कॉलेजचं नव्हतं माहीत, तो म्हणाला. पण भरतीनंतर नाल्यातून काहीतरी येतं, हे दोन वर्षं वासावरून कळत होतं. म्हणूनच तो वीतभराचं दीड वीत पाणी सोडायचा. मग दोन दिवस बाकावर बसलात, महिनाभर अंगठे दिलेत, सांगितलं का नाही?

"सांगला असता तं उघाडीचा नाव आला असता," तो म्हणाला. "गावानी भावाच्या हातानशी उघाडी काढून घेतली असती. तो माझा भाव हाय. तुमी पन कागदावर उघाडीचा लिवू नका."

मला दहा वेळा विचार करावा लागला. पंचनाम्यात दार बंद होतं एवढंच लिहिलं, लवकर बंद झालं असं लिहिलं नाही. पण ज्याला मी गावादेखत आणलं, त्याला नुसता कागदावर मोकळा करून भागणार नव्हतं. त्या रविवारी मी पूर्ण वर्दीत गावच्या देवळासमोर उभा राहिलो. सगळं गाव जमलं होतं. थोरला माझ्या शेजारी बसला होता, धाकटा मागे खांबाला टेकून उभा होता. मी सांगितलं, विष कॉलेजच्या नाल्यातून आलं, यांचा काडीचा संबंध नाही, यांना आणलं ही माझी चूक झाली. कुजबुज झाली. तेवढ्यात पोलीस पाटील उठला. शहाणा माणूस, तो विचारणारच होता.

"सायेब, कालेज तं दोन वरसांपासून हाय. तवा मासा क्याला नाय मेला?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते द्यायचं नाही असं कबूल केलं होतं. मी पाणी प्यायलो. टोपी नीट केली. सभेत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला दिसत होतं, की मी आणखी थोडा वेळ गप्प राहिलो तर म्हाताऱ्यावरचा संशय जन्मभर तसाच राहणार. माझ्या शेजारी थोरला काठी टेकून उठला.

"तवा कालेजान पोरा कमी व्हती," तो म्हणाला. "आता जास्ती झाली. घान पन जास्ती झाली. पानी तरी कितीसा सोसल?"

लोकांना पटलं. पाटील मान डोलावत बसला. खांबाशी धाकटा उभा होता. फळ्या आपण कधी टाकल्या हे त्याला माहीत होतं, आणि हवालदार बंधाऱ्यावर काय पुटपुटला तेही त्याने ऐकलं होतं. तो गर्दीतून पुढे आला, भावाजवळ उभा राहिला आणि त्याने खाली वाकून भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. गावाला वाटलं, खोटी तक्रार केली त्याची माफी मागतोय.

प्रकरण सी समरी म्हणून बंद केलं. तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही, समजुतीची चूक, असा त्याचा अर्थ. वरिष्ठांनी शेरा मारला, तपास समाधानकारक. मला मात्र आजही त्यातलं सगळं नीट लावता येत नाही. काळजीने वागणाऱ्याच्या हातून विष गेलं, सगळ्यांत कमी दिसत होतं त्याला सगळ्यांत आधी कळलं, आणि चौकशीत मी ज्याला खोटारडा समजलो तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. नोकरीत हजारो माणसं माझ्यासमोर खोटं बोलली, प्रत्येक जण स्वतःला वाचवायला. तो म्हातारा एकदाच खोटं बोलला, ज्या भावाने त्याला ठाण्यात पाठवलं त्याच भावासाठी. वर्दीतला अधिकारी म्हणून मी तिथल्या तिथे ते खोडून काढायला हवं होतं. मी त्याला सलाम केला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.